टंगस्टन, तांबं आणि मधला जोड: एका उष्णता-मॉडेलच्या नोंदी

८ जून २०२५

आजपासून नोंदी ठेवायच्या असं ठरलं. काम असं: आयटर या प्रायोगिक फ्यूजन (अणुकेंद्रं एकमेकांत मिसळून ऊर्जा काढणाऱ्या) अणुभट्टीच्या तळाशी डायव्हर्टर नावाचा भाग असतो. त्यातल्या टंगस्टनच्या एका ठोकळ्यातून पाण्यापर्यंत उष्णता कशी पोचते, याचं गणिती मॉडेल स्वतः लिहायचं. तयार सॉफ्टवेअरमध्ये भूमिती भरून रंगीत चित्र काढायचं नाही. प्रत्येक आकडा कुठून आला ते तिघांपैकी कुणालाही फळ्यावर सांगता आलं पाहिजे, ही सरांची अट.

सर बेळगावच्या टिळकवाडीत राहतात, भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेत, मी त्यांचा जुना विद्यार्थी. तिसरी नंदगडची मुलगी, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ओतकामाचं सिम्युलेशन करतो: वितळलेलं बीड साच्यात कसं भरेल, आधी कुठं गोठेल, रायझर (आकसताना धातू पुरवणारा साठा) कुठं ठेवायचा, चिल (उष्णता पटकन ओढून घेणारा धातूचा तुकडा) कुठं लावायचा. रोज उष्णतेचंच समीकरण सोडवत असतो. फ्यूजनमध्ये समीकरण तेच, फक्त उष्णतेचा प्रवाह आमच्या भट्टीपाशी कधी दिसत नाही एवढा.

पुढं हे सगळं खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत, नववी-दहावीच्या मुलांपुढं मांडायचं आहे. म्हणून नोंदी पहिल्यापासून मराठीत.

१५ जून

पाऊस सकाळपासून धरून होता, बैठक सरांच्या घरी. सरांचा पहिला प्रश्न: "आत पंधरा कोटी अंश आणि भिंतीच्या मागं सत्तर अंशांचं पाणी. मधे दोन-अडीच मीटर. भिंत टिकते कशी?"

आकडे मांडले. आयटरच्या प्लाझ्माचं, म्हणजे आतल्या विद्युतभारित तप्त वायूचं, आकारमान साधारण ८४० घनमीटर, आणि दर घनमीटरात १ वर २० शून्यं एवढे कण. म्हणजे आपल्या हवेपेक्षा सुमारे अडीच लाख पट विरळ. सगळा प्लाझ्मा तराजूत घातला तर अर्धा ग्रॅमही भरणार नाही. त्यात साठलेली उष्णता ३५० मेगाज्यूलच्या घरात, विजेच्या भाषेत ९७ युनिट. तापमान अफाट आणि साठा एवढासाच. भिंतीला भीती साठ्याची कमी, सेकंदासेकंदाला जे बाहेर पडत राहतं त्याची जास्त.

त्याचा हिशेब असा. आयटरचं लक्ष्य ५० मेगावॅट तापवण्यासाठी देऊन ५०० मेगावॅट फ्यूजनमधून मिळवायचं. ड्यूटेरियम आणि ट्रिटियमच्या एका मीलनातून १७.६ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जा निघते. त्यातले १४.१ न्यूट्रॉन घेऊन जातो. त्याला विद्युतभार नाही, चुंबकीय क्षेत्र त्याला अडवत नाही, तो थेट भिंतीच्या आत शिरून खोलवर उष्णता सोडतो. म्हणजे ४०० मेगावॅट ब्लँकेट नावाच्या जाडजूड आवरणात वाटून जातात. उरलेले १०० मेगावॅट मीलनातून निघणाऱ्या अल्फा कणांचे (हेलियमच्या केंद्रकांचे), अधिक बाहेरून दिलेले ५०. हे १५० मेगावॅट प्लाझ्मातच राहतात आणि तिथून त्यांना बाहेर पडावंच लागतं. काही प्रकाश होऊन सगळीकडं पसरतात. साधारण १०० मेगावॅट काठापर्यंत येऊन चुंबकीय रेषांवरून खाली डायव्हर्टरकडं घसरतात.

आपलं काम या शंभराशी.

२२ जून

शंभर मेगावॅट पडतात किती जागेवर? प्रश्नाचा खरा जोर इथं आहे.

प्लाझ्माच्या काठावरून उष्णता ज्या थरातून खाली येते त्याची जाडी २०१३ साली अनेक टोकामॅकच्या (आयटरसारख्या चुंबकीय फ्यूजन यंत्रांच्या) मोजमापांवरून बसवलेल्या सूत्रानं आयटरसाठी १ मिलिमीटरच्या आसपास येते. मिलिमीटर! प्लाझ्माच्या कड्याची मोठी त्रिज्या ६.२ मीटर, लहान (कड्याच्या जाडीची) २ मीटर. म्हणजे बाहेरच्या काठाची त्रिज्या ८.२ मीटर आणि परीघ ५१ मीटर. ५१ मीटर लांब, १ मिलिमीटर रुंद पट्टी म्हणजे ०.०५१ चौरस मीटर. शंभर मेगावॅट भागिले एवढं: दर चौरस मीटरला जवळजवळ २००० मेगावॅट. सूर्याच्या पृष्ठभागावरून निघणारा प्रवाह ६३ मेगावॅट प्रति चौरस मीटर आहे.

डायव्हर्टरचा ठोकळा कायमस्वरूपी सोसू शकतो तो आकडा १०. थोडा वेळ, म्हणजे १० सेकंद, २०. म्हणजे दोन हजारावरून दहावर आणायचं. त्यासाठी खाली रेषा पसरवतात, पाट्या त्यांना जवळजवळ समांतर अशा तिरप्या ठेवतात, उष्णता आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन पायांत वाटली जाते, आणि निऑनसारखा वायू थोडा सोडून बरीचशी उष्णता वाटेतच प्रकाशात बदलून घेतात. हे सगळं साधल्यावर उरतात ते १०.

सर बराच वेळ त्या ५१ गुणिले १ मिलिमीटरकडं बघत होते. मग म्हणाले, "हे मुलांना सांगायचं. पंधरा कोटी अंश सगळेच सांगतात."

२९ जून

रेषेवरून उष्णता वाहते कशी हे सरांनी कागदावर सोडवून दिलं. धातूची उष्णतावाहकता तापमानानं थोडीफार बदलते. प्लाझ्माची, रेषेच्या दिशेनं, तापमानाच्या अडीचाव्या घातानं वाढते. त्यामुळं समीकरणातून साडेतीनावा घात निघतो. रेषेवरून दर चौरस मीटरला १००० मेगावॅट येतायत आणि रेषेची लांबी १०० मीटर धरली, तर वरच्या टोकाचं तापमान २२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट निघतं, साधारण २६ लाख अंश. आता प्रवाह दुप्पट करा: तापमान फक्त २२ टक्क्यांनी वाढतं. वरच्या टोकाला जणू काही झालंच नाही, आणि खाली ठोकळ्यावर मात्र दुप्पट ओझं.

प्लाझ्माच्या बाजूचं काम इथंच थांबवतो. यापुढं १० आणि २० मेगावॅट (दर चौरस मीटरला) हे आकडे दिलेले धरून फक्त धातू आणि पाणी.

६ जुलै

ठोकळ्याला मोनोब्लॉक म्हणतात. रुंदी २८ मिलिमीटर, नळीच्या दिशेनं जाडी १२. मधे आरपार भोक, त्यातून तांबं-क्रोमियम-झिर्कोनियमच्या मिश्रधातूची नळी जाते. नळीचं आतलं माप १२ मिलिमीटर, भिंत दीड. नळी आणि टंगस्टनच्या मधे १ मिलिमीटर शुद्ध मऊ तांबं. वरच्या बाजूला टंगस्टनची जाडी आम्ही ६ मिलिमीटर धरली. असे ठोकळे एका नळीवर माळेसारखे ओवलेले. ५४ कॅसेट (सुटे भाग) मिळून पूर्ण डायव्हर्टर, आणि एकेक कॅसेट सुमारे १० टनांची.

१० मेगावॅटच्या हिशेबानं एका ठोकळ्यावर ३३६० वॅट पडतात. बाथरूममधल्या मोठ्या गिझरपेक्षा जास्त, आणि तेही अंगठ्याएवढ्या जागेवर, अखंड.

मुलीनं टंगस्टन कधी हातात घेतलं नव्हतं. टिग वेल्डिंगवाल्याकडून इलेक्ट्रोडची एक कांडी आणून दिली. एवढीशी कांडी हाताला जड लागते, कारण घनता पाण्याच्या १९.३ पट. वितळबिंदू ३४२२ अंश, सगळ्या धातूंत वरचा. पण १३०० अंशांच्या आसपास त्याचे कण वाढून तो कमकुवत व्हायला लागतो, आणि थंड असताना तो ठिसूळ असतो. त्याला कामाला लावायची तापमानाची पट्टी त्यामुळं रुंद नाही.

१३ जुलै

संगणक सुरू करण्याआधी हातानं उतरंड काढली. प्रवाह १० मेगावॅट. पाण्याकडून वर चढत जायचं.

पाणी ७० अंशांना आत येतं, ४० बारच्या दाबाखाली, सेकंदाला १० मीटरच्या आसपास वेगानं. ठोकळ्याजवळ ते १०० अंश धरलं. साध्या नळीसाठी नेहमीचं सूत्र लावलं तर पाण्याच्या बाजूचा उष्णता-संक्रमण गुणांक (एक अंश फरकाला दर चौरस मीटरमधून जाणारे वॅट) ५० हजार येतो. नळीत पिळलेली पट्टी घालतात. पाणी गिरक्या घेत जातं, बुडबुडे भिंतीपासून आत ढकलले जातात, आणि गुणांक लाखाच्या पुढं जातो. आम्ही १ लाख २० हजार धरला. रुंद ठोकळ्याची उष्णता लहान नळीत गोळा होते, म्हणून नळीच्या वरच्या बाजूला १० चे १५ धरले. भिंत आणि पाणी यांत १२५ अंशांचा फरक. नळीच्या दीड मिलिमीटरात ६६. मऊ तांब्यात ४०च्या आत. आणि मग ६ मिलिमीटर टंगस्टन: तापलेल्या अवस्थेतली वाहकता १२० धरून ५०० अंश.

बेरीज: पृष्ठभाग साधारण ८३०. सहा मिलिमीटरात पाचशे अंश उतरणं ही गोष्ट फाउंड्रीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला सांगितली तर तो आधी विश्वास ठेवत नाही.

२० जुलै

प्रोग्रॅम पायथनमध्ये. जाळी अर्ध्या मिलिमीटरची. साधी पुढं-पुढं जाणारी पद्धत वापरली तर वेळेचं पाऊल अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा मोठं चालत नाही, कारण तांब्यातून उष्णता झपाट्यानं पसरते आणि पाऊल मोठं झालं की आकडे उधळतात. जाळी पाच पट बारीक केली तर पाऊल पंचवीस पट लहान. दहा सेकंदांच्या गणितासाठी अर्धा मिलिमीटर पुरतो. अंतिम, स्थिर अवस्थेसाठी दुसरा सॉल्व्हर लिहिला.

पडताळा घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही. जाड टंगस्टनवर अचानक १० मेगावॅट लावले तर ०.१ सेकंदात पृष्ठभाग १६९ अंशांनी चढतो, हे पुस्तकी सूत्रानं येतं. आमच्या प्रोग्रॅमनं १६८ दिले. दुसरा पडताळा ऊर्जेचा: वरून जेवढी आत आली तेवढीच पाण्यात गेली पाहिजे. जुळली.

या गणितातून एक उपयोगाची गोष्ट कळली. ठोकळा दोन-तीन सेकंदांतच नव्या प्रवाहाशी जुळवून घेतो. म्हणजे '२० मेगावॅट, फक्त १० सेकंद' यातला 'फक्त' प्लाझ्माच्या माणसांसाठी. ठोकळ्याच्या दृष्टीनं दहा सेकंद म्हणजे कायमच.

२ ऑगस्ट

आज मॉडेलची दिशा बदलली.

आमच्याकडच्या पॅटर्नवाल्या (साच्यासाठी नमुने बनवणाऱ्या) मामांना ठोकळ्याचं चित्र दाखवलं. त्यांनी तापमानाचे आकडे नुसते ऐकून घेतले. बोट ठेवलं ते टंगस्टन आणि तांब्याच्या मधल्या रेघेवर. "हे चिकटवलंय कशानं?"

सांगितलं: ठोकळ्याच्या भोकात तांबं ओततात, निर्वातात. मग आत नळी घालून उष्णता आणि दाबानं ती जोडतात.

"ओततात?" मामा खुर्ची ओढून बसले. "मग हे आपलंच काम की रे. तांबं टंगस्टनला धरतं काय?"

दोन्ही धातू एकमेकांत विरघळत नाहीत. पण पृष्ठभाग अगदी स्वच्छ असला आणि ऑक्सिजन नसला तर पातळ तांबं टंगस्टनवर नीट पसरतं. अडचण पुढची: तापल्यावर तांबं टंगस्टनच्या जवळजवळ चौपट फुगतं. मधलं शुद्ध तांबं मऊ ठेवलंय ते त्यासाठीच, ओढाताण त्यानं अंगावर घ्यावी म्हणून.

"फट पडली तर?" मामांनी विचारलं.

हाच प्रश्न मी रोज सोडवतो. वाळूच्या साच्यात फटीचं फार काही वाटत नाही, कारण वाळू स्वतःच उष्णतेला इतकी अडवते की फटीचा अडथळा त्यात झाकून जातो. पण लोखंडी चिल लावला की चित्र पालटतं. कास्टिंग आकसून चिलपासून जरा सुटलं की मधला गुणांक काही हजारांवरून काही शेकड्यांवर येतो, आणि चिल नावापुरता उरतो. ओतकामाच्या सिम्युलेशनमध्ये बिडाची वाहकता, लेटंट हीट, घनता हे सगळं पुस्तकात मिळतं. मधल्या फटीचा आकडा पुस्तकात मिळत नाही. तो मोजून काढावा लागतो आणि त्याच एका आकड्यावर अंदाज ठरतो.

मोनोब्लॉकच्या मॉडेलमध्ये आम्ही जोड परिपूर्ण धरला होता. सगळेच सुरुवातीला तसं धरतात. ठरलं: आधी जोड मोजायचा.

९ ऑगस्ट

मांडणी साधी. ४० मिलिमीटर व्यासाच्या माइल्ड स्टीलच्या दोन कांड्या, प्रत्येकी ४० मिलिमीटर लांब, लेथवर तोंडं साफ करून घेतलेल्या. वरच्या कांडीत २०० वॅटचा कार्ट्रिज हीटर, खालच्या कांडीचं बूड वाहत्या नळाच्या पाण्यात. दोन्ही तोंडं एकमेकांवर टेकवून बाहेरून बोल्टनं आवळलेली, भोवती ग्लासवूल. प्रत्येक कांडीत के-टाइपची दोन थर्मोकपल (तापमान मोजायच्या तारा), जोडापासून १० आणि ३० मिलिमीटरवर.

एका कांडीतला तापमानाचा उतार मोजला की प्रवाह कळतो. दोन्ही उतार जोडापर्यंत वाढवत नेले की दोन तोंडांच्या तापमानांत जी उडी दिसते तीच जोडाची किंमत.

तांब्याऐवजी स्टील का, असं मुलीनं विचारलं. तांब्यात २०० वॅटला उतार इतका कमी पडतो की थर्मोकपलच्या दोन-सव्वादोन अंशांच्या चुकीत तो बुडून जाईल. स्टील उष्णतेला अडवतं, म्हणून मोजता येतं.

१६ ऑगस्ट

दुपारी वीज दोनदा गेली, प्रत्येक वेळी पुन्हा स्थिर व्हायला वेळ. शेवटी संध्याकाळी आकडे स्थिर झाले.

पाणी २५. खालची कांडी: ११४ आणि १७२. वरची: २७९ आणि ३४३.

खालच्या कांडीत २० मिलिमीटरला ५८ अंश. स्टीलची वाहकता ५० धरून प्रवाह दर चौरस मीटरला १ लाख ४५ हजार वॅट, म्हणजे कांडीतून १८२ वॅट जातायत. उरलेले ग्लासवूलमधून निसटले. वर उतार जरा जास्त, ६४, कारण तिथं निसटायचं अजून बाकी आहे आणि तापलेल्या स्टीलची वाहकता कमी होते. जोडाच्या खालचं तोंड २०१, वरचं २४७. उडी ४६ अंश. गुणांक साधारण ३१५०.

बोल्ट चांगले आवळल्यावर उडी ३० वर आली.

मग मुलीनं तोच जोड मोनोब्लॉकमध्ये घालून बघितला. १० मेगावॅट भागिले ३१५०: ३१७५ अंश. एका कोरड्या, डोळ्यांना अगदी घट्ट बसलेल्या दिसणाऱ्या जोडावर, काहीही जाडी नसलेल्या जागी, तीन हजार अंश! टंगस्टनचा वितळबिंदू जवळच. आवळून गुणांक दहापट केला असं धरलं तरी ३०० अंश फुकट जातात. आणि आमच्या फटीत हवा आहे, तिचीही थोडी मदत होते. अणुभट्टीत निर्वात आहे, तिथं फट याहून वाईट.

सर म्हणाले, "आपल्याकडं ४६ आहेत म्हणून कुणी लक्ष देत नाही. प्रवाह वाढला की जोड बोलायला लागतो."

२४ ऑगस्ट

त्याच कांड्या जोडून घेतल्या. कथील-शिशाचा डाग चालला नसता: जोड दोनशे अंशांच्या वर असतो आणि ते १८३ला वितळतं. फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडून चांदीच्या कांडीनं ब्रेझिंग करून घेतलं. त्यानं फ्लक्स लावून दोन्ही तोंडं किती निगुतीनं घासली ते बघण्यासारखं होतं.

उडी थर्मोकपलच्या चुकीत हरवली. दोन अंश असेल किंवा शून्य असेल, आमच्या साधनांनी सांगता येत नाही.

२७ पासून गणपती. विसर्जनापर्यंत काम बंद.

१४ सप्टेंबर

पूर्ण द्विमितीय मॉडेल चाललं, परिपूर्ण जोड धरून. १० मेगावॅटला पृष्ठभाग मधोमध ९००च्या पुढं, कडांना हजारच्या वर, कारण कडेच्या उष्णतेला नळीपर्यंत लांबून यावं लागतं. हातानं काढलेले ८३० बरेच जवळचे निघाले. नळीचा धातू ३००च्या आत, आणि त्याची दीर्घकाळची मर्यादा ३५०च्या आसपास. २० मेगावॅटला पृष्ठभाग २००० अंशांच्या आसपास आणि नळी ४००च्या वर, म्हणूनच २० ला थोड्या वेळाचीच परवानगी.

४० बारला पाणी २५० अंशांना उकळतं. २० मेगावॅटला नळीच्या वरच्या भिंतीवर उकळणं सुरू झालेलं असणारच. थोडं उकळणं मदत करतं, उष्णता झपाट्यानं उचलली जाते. पण एका मर्यादेपलीकडं वाफेचा सलग पापुद्रा तयार होतो आणि भिंत पाण्यापासून तुटते. तीही एक फटच, वाफेची. आमच्या मॉडेलमध्ये उकळण्याचं सूत्र अजून नाही, त्यामुळं २० चे आकडे शाळेत दाखवताना तसं सांगायचं.

२१ सप्टेंबर

आता फट घातली. टंगस्टन आणि तांब्याच्या मधे, नळीच्या माथ्यावर, वर्तुळाच्या काही अंशांच्या कमानीवर गुणांक ३१५०, बाकी जोड शाबूत. कमान हळूहळू वाढवत नेली.

लहान कमानीला उष्णता बाजूनं वळसा घालून जाते आणि पृष्ठभागावर फारसं काही दिसत नाही. कमान रुंदावली की पृष्ठभाग कित्येक शे अंशांनी वर जातो. हे अपेक्षित होतं. आमचं लक्ष गेलं ते दुसऱ्याच जागी. वळसा घातलेली उष्णता फटीच्या दोन्ही टोकांशी गोळा होते आणि तिथं नळीच्या आतल्या भिंतीवरचा प्रवाह वाढतो. वरून बघणाऱ्याला तापलेला माथा दिसतो, पण वाफेचा पापुद्रा आधी धरण्याची शक्यता फटीच्या टोकांशी. तिथंच ताणही जास्त, म्हणजे फट पुढं सरकायची जागाही तीच.

मामांना चित्र दाखवलं. कास्टिंगची चीर पण टोकाकडूनच पुढं जाते, एवढंच म्हणाले आणि चित्राची एक प्रत मागून घेतली.

म्हणूनच या ठोकळ्यांच्या चाचण्या इतक्या कडक. मंजुरीसाठीच्या नमुन्यांना १० मेगावॅटचे ५००० फेरे आणि २० मेगावॅटचे ३०० फेरे सोसून दाखवावे लागले. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतही इलेक्ट्रॉन-बीमनं असा प्रवाह लावून बघायची यंत्रणा आहे. आपल्यापासून रेल्वेच्या एका प्रवासावर हे काम चालतं, हे मुलांना आवर्जून सांगणार.

५ ऑक्टोबर

फ्रान्समध्ये कादाराशला ठोकळे न तोडता जोड तपासायची एक रीत आहे: नळीतून गरम पाणी सोडायचं, मग एकदम थंड, आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं बघायचं. ज्याचा पृष्ठभाग मागं रेंगाळतो त्याच्या आत फट. मुलीनं हे वाचलं आणि म्हणाली, "दादा, हे आपल्याला येतंय की."

तांब्याच्या १० मिलिमीटर जाड चकत्यांच्या दोन जोड्या. एक ब्रेझ केलेली, एक नुसती आवळलेली. वरून काळा मॅट रंग, कारण चकचकीत तांब्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर चुकीचं वाचतं. खालून गरम पाणी, मग नळाचं. ब्रेझ केलेली जोडी पाण्यामागोमाग उतरली, कोरडी स्पष्ट मागं राहिली. हीटर नको, गणित नको, हात भाजायची भीती नको. दहावीच्या वर्गात बादली आणि पाण्याचा मग घेऊन करता येतं. शाळेसाठी हाच प्रयोग पक्का.

८ नोव्हेंबर

खानापूर तालुक्यातली शाळा. वर्ग भरलेला, मागं शिक्षकही उभे. सरांनी ५१ मीटर आणि १ मिलिमीटरपासून सुरुवात केली. चकत्यांच्या प्रयोगाला दोन मुलींनी थर्मामीटर धरले, बाकीच्यांनी मोठ्यानं आकडे वाचले. कोरडी जोडी कुठली हे न सांगता विचारलं, वर्गानं बरोबर ओळखली.

मग तिसऱ्या बाकावरून प्रश्न आला: "पाणीच बंद पडलं तर?"

फळ्यावरच सोडवायला घेतलं, वर्गाकडून एकेक आकडा वदवून घेत. ठोकळ्यात टंगस्टन सुमारे १२९ ग्रॅम, तांबं १२ ग्रॅमच्या आसपास. दोन्ही मिळून एक अंश चढायला साधारण २३ ज्यूल. वरून दर सेकंदाला ३३६० ज्यूल येतात. ३३६० भागिले २३: सेकंदाला १४६ अंश. मऊ तांबं सुरुवातीला ३३० अंशांना आहे, वितळतं १०८५ला. मधे ७५५ अंश. ७५५ भागिले १४६.

"पाच सेकंद!" निम्मा वर्ग एकदम.

म्हणजे पाणी थांबल्याचं कळून प्लाझ्मा विझवायला पाच सेकंदांच्या आतला वेळ. हा हिशेब सगळा ठोकळा सारखा तापतो असं धरून केलेला आहे, आणि नळीत उरलेलं पाणी वाफ होताना जे घेऊन जाईल ते सोडून दिलेलं आहे. सोमवारी मॉडेलमध्ये पाण्याचा गुणांक शून्य करून हेच चालवायचं: आधी कुठं वितळतं, माथ्यावर की कडेला, आणि फट असलेल्या ठोकळ्यात तांब्याला वेळ जास्त मिळतो की कमी. उत्तर त्या शाळेला पत्रानं कळवायचं आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलानं वहीत पत्ता लिहून दिलाय.